मागच्या भिंतीची ओल

आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप बाबा चालवत असत. त्यासाठी त्यांना कोणी नेमलं नव्हतं. ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले तेव्हा पंपाच्या पेटीची किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला आली आणि तिथेच राहिली. पहाटे पालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीत यायचं, ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, एवढंच काम. पण बाबांनी ते कचेरीतल्या कामाइतक्याच निष्ठेने केलं. सहाला दहा मिनिटं कमी असताना पंप सुरू, साडेसहाला बंद. चाळीस मिनिटं. हा आकडा त्यांनी एका उन्हाळ्यात गच्चीवर उभं राहून स्वतः काढला होता आणि पेटीच्या झाकणाला आतून खडूने लिहून ठेवला होता. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला, त्या तीन मजली इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मला जाग यायची ती पंपाच्या घुंईने. मग आवाज ठरलेल्या क्रमाने यायचे. आईच्या स्टोव्हचा पंप, भांड्यात पडणारी नळाची धार, आणि वर, तिसऱ्या मजल्यावर, जनाकाकूंच्या न्हाणीघरात, लाकडी स्टूल फरफटत नेल्याचा आवाज. त्या स्टुलावर काकूंचे यजमान धर्माकाका बसायचे. ते कारखान्यात फिटर होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली तेव्हापासून काकू त्यांना रोज सकाळी आंघोळ घालायच्या. भिंतीतून सगळं ऐकू यायचं.

"हात वर करा. वर म्हनलं ना. यो नाय, दुसरा. तो उचलत नाय म्हंता? मंग मी हाय कनाला?"

काका काहीतरी पुटपुटायचे आणि काकू खळखळून हसायच्या. आई भाकरी थापता थापता आपल्याशीच हसायची.

काकू खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावातल्या. आम्ही रत्नागिरीकडचे. मासे दोन्ही घरांत, पण काकूंचा जवळा निराळा लागायचा. सुका जवळा तव्यावर परतून, त्यात कांदा आणि आमसूल घालून त्या आईला वाटीभर पाठवायच्या, आणि आई त्याच वाटीतून कुळथाची पिठी वर पाठवायची. दुपारी काका झोपले की काकू खाली यायच्या. दोघी आतल्या खोलीत, मागच्या भिंतीला टेकून, तांदूळ निवडत बसायच्या आणि आई त्यांना पेपर वाचून दाखवायची. काकूंना अक्षरओळख होती, पण सलग वाचता येत नसे. आई बातमी वाचायची आणि काकू तिच्यावर निकाल द्यायच्या. मंत्री असो, चोर असो, काकूंचा निकाल एका वाक्यात लागायचा. "याच्या आईनं याला येक धपाटा घातला असता त हे झालं नसतं." आईला मी इतर कोणाबरोबर एवढं हसताना पाहिलेलं नाही. तिला बहीण नव्हती. हे मला फार नंतर, तिच्या शेवटच्या आजारपणात सुचलं.

ज्या भिंतीला टेकून त्या बसायच्या, तिथेच ओल आली. आधी वरच्या कोपऱ्यात, आमच्या न्हाणीघराच्या बाजूला, तळहाताएवढा काळपट डाग. मग चुन्याचे पोपडे सुटले, खाली लोणा फुलला, पांढरा, बोट लावलं की मिठासारखा गळणारा. आईने गाद्या हलवल्या, कपाट हलवलं, लोखंडी पेटीखाली विटा घातल्या. दिवस थंडीचे होते. पावसाळ्यात सगळ्याच भिंती ओलावायच्या आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळायच्या. त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. पण डिसेंबरात, आभाळ कोरडं असताना भिंत ओली होते याचा अर्थ बाबांच्या मते एकच होता. पाऊस नाही, म्हणजे पाणी घरातलं. आमच्या न्हाणीघराची फरशी आमच्या पायाखाली, डाग डोक्यावर. म्हणजे पाणी वरच्यांचं.

बाबा उतावीळ नव्हते. त्यांनी पुरावा गोळा करायचं ठरवलं आणि ते काम मला दिलं. मी तेव्हा नववीत होते. वहीला कव्हर घालणारी, दप्तरात वेळापत्रक चिकटवणारी मुलगी. बाबांनी सांगितलं, "डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायची. रेघेवर वेळ लिहायची. सकाळी सहापासून सातपर्यंत दर अर्ध्या तासाने, शाळेतून आल्यावर आणि जेवणाआधी. पंधरा दिवस. आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही, जे दिसतं ते लिहायचं." मी स्टुलावर चढून अगदी तसंच केलं. पंधरा दिवसांत भिंतीवर नकाशातल्या डोंगरासारख्या रेघा झाल्या आणि वहीत एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. डाग रोज सकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान वाढत होता. दुपारी थांबायचा. संध्याकाळी किंचित आक्रसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी वाढायचा. बाबांनी वही वाचली, चष्मा काढला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सहा ते साडेसहा ही काकांच्या आंघोळीची वेळ होती. ते आम्हाला वहीतून कळायची गरज नव्हती.

आता मी ठाण्याला, वर्तकनगरात राहते. आमच्या सोसायटीची गळतीच्या तक्रारींची वही माझ्याकडे असते. प्रत्येक तक्रारीपुढे चार रकाने आहेत. ओल कुठे दिसली, कधी वाढते, कधी सुकते, आणि त्या वेळी इमारतीत आणखी काय काय चालू असतं. पहिले तीन रकाने माझ्या नववीतल्या वहीतही होते. चौथा मी पुढे वाढवला. नवे सभासद विचारतात, एवढं कशाला लिहायचं, वरच्यांना सांगा ना फरशी फोडायला. मी म्हणते, आधी चौथा रकाना भरा.

डोंबिवलीला सभा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, सतरंजीवर भरायची. बाबा सेक्रेटरी आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून सभेचं इतिवृत्त मी लिहायचे. त्या दिवशी बाबांनी माझी ओलीच्या नोंदींची वही सगळ्यांना दाखवली. तळमजल्यावरचे पेंडसे म्हणाले, "एवढ्या लहान मुलीने इतकं शास्त्रशुद्ध काम केलंय, आता आणखी काय पाहिजे?" मग कोणीतरी म्हणालं की तिसऱ्या मजल्यावर मासळी धुतात, पाणी फार वापरतात, भिंतीला वासही तोच आहे. ओल्या चुन्याला जो वास येतो तोच आमच्या खोलीत होता. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. जवळा आमच्याही तव्यावर असायचा, हे त्यांना तिथे सांगता आलं असतं.

काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. "मी दोन बादल्या पानी वापरते," त्या म्हणाल्या. "येक त्यांना, येक मना. नीळ टाका माज्या न्हानीत. खाली निळं आयलं त मी सोता छिन्नी घेते."

नीळ टाकली. दोन दिवस काकूंच्या न्हाणीघराची फरशी निळी राहिली, काकांचे पाय निळे झाले. आमच्या भिंतीवर निळा ठिपकाही आला नाही. बाबांनी गवंड्याला विचारलं. गवंडी म्हणाला, विटेतून पाणी गाळून येतं साहेब, रंग वरच राहतो. हे बाबांना पटलं. मलाही पटलं. आईने त्या दिवशी जेवताना विचारलं, "अहो, मग नीळ टाकलीच कशाला?" बाबा म्हणाले, "तुझी मैत्रीण आहे म्हणून तुला तसं वाटतं." पुढच्या सभेत ठराव झाला. तिसऱ्या मजल्यावरील सभासदाने न्हाणीघराची फरशी काढून पाणीरोधक थर द्यावा आणि मोरीची जाळी नवी बसवावी. ठरावात काकूंचं पूर्ण नाव होतं. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली पट्टीने रेघ ओढली.

फेब्रुवारीत फोडाफोडी सुरू झाली. आठ दिवसांचं काम तीन आठवडे चाललं, तसं ते नेहमीच चालतं. सुरुवातीला काकू काकांना स्वयंपाकघरात चादर टाकून ओल्या फडक्याने पुसत होत्या. आई एकदा वर गेली. "आमच्या न्हाणीघरात आणा त्यांना," म्हणाली. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"नको बाय. परत तुमची भिंत भिजंल."

आई तशीच खाली आली आणि तिने निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. पुढच्या आठवड्यात काकूंच्या बहिणीचा मुलगा टेम्पो घेऊन आला. काकांना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवलं. काकूंची बहीण आंबिवलीला राहायची, तिच्याकडे तळमजल्याचं घर होतं. काम संपेपर्यंत तिथे, असं ठरलं होतं. आमच्या दारावरून खुर्ची गेली तेव्हा काकांनी डावा हात माझ्या दिशेने थोडा उचलला. मी परीक्षेची उजळणी करत होते. मी हात हलवला की नाही, मला आठवत नाही. मी सगळं लिहून ठेवणारी, पण हे कुठे लिहिलेलं नाही.

काम संपलं. नवी फरशी बसली. पण काकांना परत आणणं जमेना, मग त्यांना न्यूमोनिया झाला, आणि एप्रिलच्या अखेरीस ते तिथेच, आंबिवलीला, वारले. फरशीमुळे गेले असं कोणीही म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणाले नव्हते. काकू परत आल्या नाहीत. त्यांच्या दाराला कुलूप राहिलं.

आणि आमची भिंत वाळली. मार्चपासून डाग आक्रसत गेला आणि एप्रिलमध्ये हात लावला तर खडखडीत. बाबांनी गवंडी बोलावून पोपडे काढले, सिमेंटचा नवा गिलावा दिला, फिकट पिस्ता रंग काढला. पेंडसे येऊन भिंतीवर टकटक करून गेले. "बघा, मूळ कारण काढलं की कसं असतं." पुढच्या सभेच्या इतिवृत्तात मी बाबांच्या सांगण्यावरून लिहिलं की तिसऱ्या मजल्यावरील दुरुस्तीनंतर गळती पूर्णपणे थांबली आहे. आई मात्र त्या भिंतीला टेकून बसली नाही. दुपारी ती पेपर घेऊन पुढच्या खोलीत बसायची आणि मनातल्या मनात वाचायची.

पुढच्या डिसेंबरात एका सकाळी शाळेची रिबन बांधताना मला आरशात, माझ्या मागे, वरच्या कोपऱ्यात, पिस्ता रंगाला फुगा आलेला दिसला. मी बोटाने दाबला. फुटला आणि पाण्याचा ओघळ माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. वर कुलूप होतं. आठ महिने त्या घरात कोणी नळ सोडला नव्हता. मी कोणाला न सांगता तीन दिवस पेन्सिलीच्या रेघा मारल्या. वेळ तीच आली, साडेसहा ते सात. चौथ्या दिवशी वही बाबांच्या चहाच्या कपाशेजारी उघडी ठेवली. ते बराच वेळ वाचत होते. तीन ओळी होत्या फक्त.

दुसऱ्या सकाळी त्यांनी पंप सुरू केला आणि गच्चीवर गेले. मीही मागून गेले. अजून नीट उजाडलं नव्हतं. सव्वासहाला टाकी भरली. तिचा जादा पाण्याचा नळ होता, हातभर लांबीचा, मागच्या कठड्याकडे तोंड करून. त्यातून पाणी यायला लागलं, कठड्यावरून मागच्या भिंतीवर उतरलं आणि अंधारात नाहीसं झालं. मागे दुसरी इमारत अगदी खेटून, मध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट, त्यात सांडपाण्याचे पाइप. सकाळी तिथे पाण्याचा आवाज असायचाच, म्हणून हा आवाज वेगळा कोणाला ऐकू येणार? पाणी तिसऱ्या मजल्याच्या भिंतीवरून सरळ घसरत होतं आणि आमच्या छताच्या पातळीवर, जिथे स्लॅब आणि विटा जुळतात आणि गिलाव्याला भेग पडली होती, तिथून आत शिरत होतं. उन्हाळ्यात पाणी कमी, टाकी रोज रिकामी व्हायची, तेव्हा चाळीस मिनिटं बरोबर होती. थंडीत लोक पाणी कमी वापरतात. टाकी पंचवीस मिनिटांत भरायची आणि उरलेली पंधरा मिनिटं बाबा खाली, घड्याळाकडे बघत, वेळ होण्याची वाट पाहायचे.

बाबांनी त्या नळाखाली हात धरला. पाणी हातावरून वाहू दिलं. मी म्हटलं, "बाबा, पंप बंद करायचा?" ते म्हणाले, "हं." पण हलले नाहीत. शेवटी मीच चार जिने धावत उतरले.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. बाबांनी तो नळ लांबवून पुढच्या बाजूला, जिन्याच्या दाराजवळ आणून सोडला. बाहेरून बांबूंचा पहाड बांधून भेग रुंद केली, सिमेंटने भरली. यातलं मी आजही सगळ्यांना सांगते. ओल आत दिसली तरी भेग बाहेरून बुजवायची, आतून रंग काढून उपयोग नाही. आणि टाकीचं जादा पाणी अशा जागी पडलं पाहिजे जिथे ते कोणाच्या तरी डोक्यावर पडेल आणि लोक आरडाओरडा करतील. आमची भिंत त्यानंतर कधीही ओली झाली नाही.

बाबांनी आईला स्वतः सांगितलं. आईने ऐकून घेतलं, पदर खोचला आणि विचारलं, "आंबिवलीला कधी जायचं?" बाबा म्हणाले, "तू जाऊन ये." म्हणून रविवारी आई आणि मी गेलो. काकू ओट्यावर कोलंबी सोलत बसल्या होत्या. कपाळ मोकळं, केस एकदम पांढरे. आईने चप्पल काढायच्या आधी सांगून टाकलं. पाणी तुमचं नव्हतं. आमच्या पंपाचं होतं. ह्यांचं चुकलं. काकूंचे हात सोलत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुजं काय नाय चुकलं, बाय. तू दिसलं त्येच लिवलंस."

मग आईकडे वळून म्हणाल्या, "मना येकच पायजे. ज्या वहीत माजं नाव लिवलं ना, त्याच वहीत लिवा. जनाबाईच्या घरातनं पानी पडलं नवतं, असं. आनि तू त्यो कागद घेऊन ये नि मना वाचून दाखव. पयल्यासारखी."

आई म्हणाली, "आणते. पुढच्याच रविवारी आणते." निघताना काकूंनी जवळ्याची पुडी तिच्या पिशवीत टाकली. गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती, पण तिचा चेहरा वर्षभरात दिसला नव्हता इतका मोकळा होता.

सभा शनिवारी झाली. बाबांनी उभं राहून चार वाक्यं वाचली. टाकीच्या जादा पाण्याच्या नळात दोष आढळला. तो दूर करण्यात आला आहे. बाहेरील भेग बुजवण्यात आली आहे. सभासदांनी नोंद घ्यावी. ते खाली बसले. मग बायकांच्या बाजूने आई उठली. सभेत ती कधी बोलली नव्हती.

"जनाबाईंच्या घरातून थेंब पडला नव्हता," ती म्हणाली. "पाणी आम्ही सोडत होतो. त्यांना आपण सगळ्यांनी मिळून घालवलं."

पेंडसे घसा खाकरून म्हणाले, "झालं ते झालं वहिनी. आता त्या इथे नाहीतही. पुढचा विषय घ्या, जिन्याखाली सायकली लावण्याचा." काहीजण हसले, सुटका झाल्यासारखे. मी पेन धरून बाबांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "मी वाचलं तेवढंच घे." त्यांचा आवाज कसा होता ते मला माहीत आहे. रागाचा नव्हता. त्या माणसाने मला आयुष्यात काही मागितलं असेल तर ते तेवढंच.

मी चार वाक्यं लिहिली आणि त्याखाली सायकलींचा विषय लिहिला.

रविवारी सकाळी आईने आंघोळ केली, बाहेर जायची साडी नेसली, पिशवीत तांदळाचं पीठ आणि कुळथाची पुडी भरली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "सभेची वही दे. उतरवून घेते." मी वही दिली. तिने उभ्याउभ्याच वाचलं. पान उलटून मागे पाहिलं, पुन्हा पुढे आली. मला काही विचारलं नाही. बाबांनाही नाही. वही मिटून तिने फळीवर ठेवली, आत गेली, साडी बदलली आणि कुळीथ डब्यात ओतले.

"जायचं नाही?" मी विचारलं.

"काय वाचून दाखवू तिला?" आई म्हणाली.

ती आंबिवलीला परत गेली नाही.